हनुवटीकडे जाणारा हात

फोटो तीनशे टक्क्यांवर मोठा केला तेव्हा आईच्या हनुवटीवर केस दिसले. आधी तिला वाटलं, स्क्रीनवर धूळ बसलीय. तिने बाहीच्या टोकाने काच पुसली. धूळ गेली, केस राहिले. डाव्या बाजूला जिवणीच्या कोपऱ्याखाली तीन, जाड आणि ताठ. मधल्या खळीत चार-पाच, दाटीवाटीने. आणि जबड्याखाली, कातडी सैल पडून गळ्याकडे वळते तिथे, एक लांब पांढरा केस, उजेड पकडून वाकडा झालेला. हात सवयीने पुढे गेला आणि त्याने फोटो चारशेवर नेला. चारशेवर चेहरा उरत नाही, नुसती जमीन दिसते, भेगा, खड्डे, आणि त्यात रुतलेले हे खुंट. अनोळखी बाईची कातडी असती तर एवढ्यात ती साफ करून तिने पुढची फाइल उघडली असती. आई जाऊन अठरा दिवस झाले होते. त्याआधीचे सात आठवडे ती ह्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बसून होती. ह्याच चेहऱ्याला तिने चमच्याने भरवलं होतं, ओल्या फडक्याने पुसलं होतं. हे केस तिला दिसले नव्हते. दिसले नव्हते हेसुद्धा खरं नाही; डोळ्यांसमोर होते, फडक्याखाली खरखरत असणार. तिने ते पाहिले नव्हते.

जाहिरातींचे फोटो साफ करणं हा तिचा धंदा. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, सहा स्क्रीन आणि त्यांच्यापुढे वाकलेल्या सहा पाठी. बायकांचे हात, पोटऱ्या, काखा, पाठी, वरचे ओठ तिच्याकडे यायचे आणि केसांवाचून परत जायचे. चांगली सफाई म्हणजे कातडीची छिद्रं राहिली पाहिजेत आणि केस तेवढे गेले पाहिजेत; नाहीतर बाई मेणाची दिसते. केस घालवायच्या क्रीमच्या जाहिरातीत तर अजब कारभार असायचा. मॉडेल मुळातच गुळगुळीत होऊन यायच्या, त्यामुळे ज्या फोटोखाली 'आधी' असं छापायचं त्याच्यासाठी तिलाच पायांवर केस रेखाटावे लागायचे, एकेक, कमीजास्त लांबीचे, थोडे आडवेतिडवे. "फार नको," गिऱ्हाईक सांगायचं. "किळस यायला नको. नुसती लाज वाटली पाहिजे." लाज वाटण्याइतके केस म्हणजे किती, हे तिला अकरा वर्षांच्या नोकरीत हाताने कळायला लागलं होतं. स्वतःच्या अंगावरचा एकही केस तिने अठरा वर्षांत काढलेला नव्हता. "दिवसभर दुसऱ्यांचे उपटते, घरी येऊन ओव्हरटाइम कोण करणार?" असं ती हसून सांगायची. हसण्याच्या खाली तिने स्वतःशी केलेला एक पण होता. स्क्रीन बंद झाली की केस ही गोष्ट जगात नाही. स्वतःच्या अंगावर नाही, दुसऱ्याच्याही नाही. बसमध्ये शेजारच्या बाईच्या ओठावर मिसरूड असली तर ती बाईच्या डोळ्यांशी बोलायची. ही सवय लावून घ्यायला तिला कष्ट पडले होते आणि तिला तिचा अभिमान होता.

फोटोचं काम मावशीनं लावलं होतं. सकाळीच फोन. मावशीचा फोन म्हणजे 'हॅलो' म्हणायला जागा नसायची. "रविवारी सगळे येणार आहेत घरी. भिंतीवर नको का काही? नुसत्या खिळ्याकडे बघत बसायचं का माणसांनी? मी तीन अल्बम पालथे घातले. एकात धड असेल तर शपथ. सगळीकडे हात आडवा, नाहीतर पदर, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे. माझ्या लग्नात बघ, नवरीची सख्खी बहीण आणि अर्धा चेहरा माझ्या हारात. तुझ्याकडे आहे का एखादा?" तिच्याकडे होता. दवाखान्यात खिडकीजवळ तिने स्वतः काढलेला, समोरून, डोळे उघडे. "मग तोच दे. आणि जरा नीट कर हं, आजारपण दिसायला नको. तुला येतं ते सगळं."

आई फोटो काढायची, फोटोत नसायची. असलीच तर डाव्या हाताची बोटं हनुवटीवर टेकवलेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "दाढ ठणकतेय." बाबा म्हणायचे, "हिच्या दाढेचं आणि कॅमेऱ्याचं वाकडं आहे. नुसता काढला की ठणकायला लागते." सगळे हसायचे, आईही हसायची, हात तसाच ठेवून. आणि रोज सकाळी बाथरूमची कडी, वीस मिनिटं, कधी पंचवीस. आत पाण्याचा आवाज नाही, काही नाही. ती शाळेच्या गडबडीत दाराशी तळमळत उभी राहायची आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "कचेरी उघडलीय. अर्ज दाराखालून आत सरकव." ती लहानपणी खरोखरच कागदावर 'लवकर बाहेर ये' असं लिहून सरकवायची. एकदा तो कागद परत बाहेर आला होता. त्यावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अर्ज विचाराधीन आहे.' ह्या गोष्टीवर त्यांचं तिघांचं घर वर्षानुवर्षं हसत आलं होतं. त्या दाराआड बद्धकोष्ठाशिवाय दुसरं काही असेल असं तिच्या मनात कधी आलं नाही.

आता चारशे टक्क्यांवर ते दार उघडं होतं. रोजची वीस मिनिटं. चाळीसहून जास्त वर्षं. तिने खळीतला एक खुंट आणखी जवळ आणला. त्याच्या बुडाशी कातडी जरा काळपट होती, पुन्हा पुन्हा उपटून होते तशी, बारीक व्रण असलेली. असे व्रण ती ओळखायची. ते घालवायला केसांपेक्षा जास्त वेळ लागतो.

तेरा वर्षांची असताना वर्गातल्या मुली तिला अस्वल म्हणायच्या. हातांवर दाट लव होती, कोपरापासून मनगटापर्यंत एकाच बाजूला झुकलेली, कुणी विंचरून ठेवल्यासारखी. तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. तिने घरी येऊन ते गंमत म्हणून सांगितलं, अस्वलासारखी चालूनही दाखवलं, बाबा हसले. आई हसली नाही. पुढच्या सुटीच्या दुपारी आईनं स्वयंपाकघराचा पडदा ओढला, दाराला कडी घातली आणि जुन्या पातेल्यात साखर आणि लिंबाचा रस आटवायला ठेवला. जुनी चादर फाडून पट्ट्या केल्या, त्या मांडीवर ओळीने मांडल्या. पाकाचा थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिला. "रड," आई म्हणाली, "पण हलू नकोस." पट्टी ओढली गेली तेव्हा तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला आणि मग दुखलं. आई भराभर काम करत होती. डावा हात कातडी ताणून धरायचा, उजवा ओढायचा, डावा लगेच तिथे दाबून बसायचा, आग कमी व्हायला. तिला रडतानासुद्धा नवल वाटलं होतं की आईला हे इतकं सफाईनं कसं येतं. शेवटी आई तिच्या लाल झालेल्या हातांवर कितीतरी वेळ फुंकर घालत बसली. "आता कुणी काही बोलणार नाही," आई म्हणाली. आईचा आवाज सुटका झालेल्या माणसाचा होता. पातेलं आईनं लगेच घासून टाकलं, पट्ट्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी घातल्या, खिडकी उघडली. बाबा फिरून आले तेव्हा घरात फक्त जळक्या साखरेचा वास होता. त्यांनी नाकाने श्वास ओढला आणि काही विचारलं नाही.

मग दर महिन्याला ती दुपार यायची. तेरा वर्षं. सव्विसाव्या वर्षी तिने ते बंद केलं. तोवर तिने पुष्कळ वाचलं होतं, बोलायला शब्द मिळाले होते, आणि शब्द मिळाले की माणूस ते आधी आईवर वापरून बघतो. मामेबहिणीच्या लग्नात ती बिनबाह्यांचा ब्लाउज घालून गेली. खोलीत तयार होताना तिने केस बांधायला हात वर केले आणि आरशात आईचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला. "शाल घे," आई म्हणाली. "उकडतंय," ती म्हणाली. "लोक बघतील गं." "बघू देत की. सगळ्यांनाच उगवतात, फक्त मलाच नाही." "हसण्यावारी नेऊ नकोस." तेव्हा तिने हसणं सोडलं आणि नीट, सावकाश, आधीपासून ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणून टाकलं. "ज्याला मला केसांसकट बघता येत नाही, त्याने मला बघूच नये. तुला लागू असेल तर तूसुद्धा." आईनं हातातली पिन तोंडात धरली होती. ती काढून आईनं लेकीच्या खांद्यावरचा काठ सारखा केला. "तुला जमेल," आई म्हणाली. "तुझे मऊ आहेत." एवढंच. ती जिंकली असं तिला वाटलं होतं. आई हरली आणि हरताना काहीतरी किरकोळ पुटपुटली असं तिने मैत्रिणींना सांगितलं होतं. 'तुझे मऊ आहेत' ह्या वाक्याला दुसरी बाजू असणार, तुझे मऊ आहेत म्हणजे कुणाचे तरी नाहीत, हे कळायला अठरा वर्षं आणि चारशे टक्के लागले.

"ही कोण?" खोडरबर मागे येऊन उभे होते. खोडरबर म्हणजे खोलीतले सगळ्यात जुने कारागीर; सगळे त्यांना ह्याच नावाने ओळखायचे. कॉम्प्युटर यायच्या आधी निगेटिव्हवर शाईनं आणि ब्रशनं काम केलेले. तिला कातडी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. "आई," ती म्हणाली. ते जरा वाकले, चष्मा वर केला, आणि त्यांना एका क्षणात सगळं दिसलं हे तिला दिसलं. "भिंतीवर लावायचाय?" "हो. ठेवायचे का काढायचे, कळत नाही." "कुणासाठी ठेवायचे?" "होते म्हणून." खोडरबरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आहे तसं दाखवायला घरोघरी आरसा असतो," ते म्हणाले. "लोक फोटो कशाला काढतात मग?" नेहमीचं बोलणं. एरवी ती त्यावर भांडली असती. ते जाता जाता वळले. "त्यांना काय पाहिजे होतं?"

काय पाहिजे होतं. सात आठवडे हाच प्रश्न सगळ्यांनी आळीपाळीने मोठ्या आवाजात विचारला होता. काय पाहिजे, आई? पाणी? उशी? पंखा? झटका आला तेव्हा आईची उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. राहिला होता एक 'ब', कधी लांब, कधी आखूड, आणि डावा हात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो हात वर जायला लागला, सावकाश, चादरीवरून सरपटत, छातीवरून, गळ्यावरून हनुवटीपर्यंत. तिथे बोटं चाचपायची, अंगठा आणि पहिलं बोट जुळायचं, निसटायचं, पुन्हा जुळायचं. मग आई तिच्याकडे बघायची. "ब." ती लगेच म्हणाली होती, "दाढ. तिला दाढेचा त्रास आहे, फार जुना." किती बरं वाटलं होतं तेव्हा, की आईचं काहीतरी आपल्याला बोलल्याशिवाय कळतं! तिने दाताचा डॉक्टर वॉर्डात आणवला. त्याने बॅटरी टाकून पाहिलं, एक दाढ थोडी किडलेली निघाली. रक्त पातळ करायची औषधं चालू होती, त्यामुळे आत्ता काढता येणार नाही म्हणाला. घट्ट काही देऊ नका, सगळं वाटून द्या. मग सगळं वाटून. आईला कुरकुरीत आवडायचं, भाकरीचा करपलेला पापुद्रा ती स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायची. त्या बाईला सात आठवडे लापशी. चमचा पुढे आला की आई तोंड फिरवायची आणि हात हनुवटीकडे जायचा. ती म्हणायची, "दुखतंय ना? माहितीय मला. थोडंसंच घे." पुढे पुढे आई चादर नाकापर्यंत ओढून घ्यायला लागली. भेटायला माणसं आली की डोळे मिटायची. मोठे डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात मन खचतं, आणि एक गोळी वाढवली.

आणि एक दुपार होती. ती दुपार तिला आत्तापर्यंत नीट आठवत होती, कारण ती तिच्या आवडीची होती. पलंगाशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन ती काम करत होती, कुणाच्या तरी पोटऱ्या. पलीकडे स्टुलावर बाबा पेपर घेऊन. वॉर्डातली आया चादर बदलायला आली, मोठ्या हाडाची, मोठ्याने बोलणारी बाई. चादर बदलून झाल्यावर ती घुटमळली. "ताई, आईंचे केस काढून देऊ का? माझ्याकडं आहे सगळं. पाच मिनिटांत होतंय. बाईमाणसाला असं बरं दिसत नाही, माणसं येतात जातात." तिने वर पाहिलं नाही. आया कुठे बोट दाखवत होती तेही पाहिलं नाही. तिला वाटलं, पाय, काखा, नेहमीचं. दवाखान्यातसुद्धा, मरायला टेकलेल्या बाईलासुद्धा. तिच्या कानशिलात रक्त चढलं आणि तिने ते अठरा वर्षांच्या सरावाने थंड करून वापरलं. "कुठलेही केस काढायचे नाहीत. ती आजारी आहे, लग्नाला नाही निघालेली. ती आहे तशी राहील, आणि कुणाला बघवत नसेल तर त्याने येऊ नये. कळलं?" आया म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, ताई," आणि बादली उचलून गेली. बाबांनी पेपराचं पान उलटलं. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी तिने ही गोष्ट दोन मैत्रिणींना सांगितली आणि दोघींनी तिला शाबासकी दिली.

पलंगावर पडलेल्या माणसाला ऐकू येत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही.

ती उठून जिन्यात गेली. जिन्यात सिगारेटचा वास होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवत होतं. तिने घरी फोन लावला. बाबांनी लगेच उचलला. हल्ली ते फोनच्या जवळच बसायचे.

"बाबा, आई बाथरूममध्ये कडी लावून काय करायची?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

"कळलं तर तुला," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सत्तेचाळीस वर्षं, अगं. एका घरात. आंधळ्यालाही कळेल. पहिल्याच वर्षी एकदा दार नीट लागलं नव्हतं. खिडकीशी आरसा टेकवून बसली होती, हातात चिमटा. मी तसाच मागे फिरलो."

"आणि कधीच बोलला नाहीत?"

"ती लपवत होती ना. मग न बघणं हे माझं काम. तेवढं एक मी नीट केलं. कुणी दार वाजवू नये म्हणून ते कचेरीचं सोंग काढलं. तिला वाटायचं, मी बुद्दू आहे. वाटू दे."

"दवाखान्यात हात वर जायचा तेव्हा…"

"रोज बघत होतो." बाबांचा श्वास फोनमध्ये घासत होता. "पण मी हात लावला असता तर तिला कळलं असतं, की मला पहिल्यापासून माहीत आहे. तिने रोज सकाळी कडी लावून केलेलं सगळं वाया गेलं असतं, माझ्या एका हाताने. तसं कसं करणार? म्हटलं, तू आहेस. तू बाईमाणूस. आणि तुझं कामच ते."

"मला सांगायचं होतंत, बाबा."

"सांगणार होतो. तू त्या आयाला बोललीस ना, त्याच दिवशी संध्याकाळी सांगणार होतो."

ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. बाबा म्हणाले, "ऐकतेयस ना? चिमटा चष्म्याच्या जुन्या घरात आहे, कपाटात, तिच्या रुमालांच्या खाली. मी उघडलेलं नाही." मग नेहमीच्या आवाजात, "फोटो मोठा कर जरा. मला लांबून दिसत नाही," आणि फोन ठेवून दिला.

परत येऊन ती फोटोपुढे बसली आणि ह्या वेळी तो मागे घेतला. शंभर, पन्नास, सगळा फोटो. खिडकीचा उजेड, पांढरी उशी, आई. त्या सकाळी ऊन तिरपं आलं होतं आणि आईचे डोळे पाण्यासारखे दिसत होते. तिला वाटलं होतं, काढून ठेवावा. किती वर्षांनी आई समोर बघतेय. तिने फोन उचलला तसा आईचा डावा हात उठला, एरवीपेक्षा भराभर, छातीवरून वर. "आई, हात खाली. एकदा तरी चेहरा दिसू दे." हात ऐकेना. मग तिने उजव्या हाताने फोन धरला आणि डाव्या हाताने आईचं मनगट पकडलं, फार जोरात नाही, आणि खाली दाबून ठेवलं. आईनं "ब" म्हटलं. तिने बटण दाबलं. फोटोच्या खालच्या कडेला ते सगळं होतं: चादरीतून वर आलेलं मनगट आणि त्याला वेढलेली चार बोटं. तिची.

पुसायचे की ठेवायचे. ठेवले तर ते खरं होतं. अठरा वर्षं ती ज्याच्यासाठी भांडली ते भिंतीवर लागलं असतं, आणि मावशी, मामा, शेजारची सगळी माणसं चहा पीत आईच्या हनुवटीकडे बघत राहिली असती, रविवारी आणि त्यानंतर कायम, आणि आईला मधे हात घालायची सोय नव्हती. पुसले तर क्रीम विकणाऱ्या त्या माणसाचं म्हणणं वर राहिलं, लाज वाटली पाहिजे म्हणणाऱ्याचं. त्याचंच वर राहिलं होतं, सत्तेचाळीस वर्षं, रोज वीस मिनिटं. तिच्या पुसण्या-न-पुसण्याने त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. जग बदलायचं काम तिने आईच्या तोंडावर काढलं होतं, आई अंथरुणाला खिळलेली असताना. हे तिला स्वच्छ दिसलं आणि दिसल्यावर रडू आलं नाही. खोलीत पाच माणसं आपापल्या स्क्रीनपुढे वाकली होती. दुपारचे साडेतीन वाजले होते.

तिने फोटो पुन्हा चारशेवर नेला. असं काम एका मोठ्या ब्रशनं दोन मिनिटांत होतं. तिने सगळ्यात बारीक ब्रश घेतला. डावीकडच्या तीनपासून सुरुवात केली. शेजारची कातडी उचलायची, खुंटावर टेकवायची, कड विरघळवायची, छिद्र राहू द्यायचं. एक. मग दुसरा. डाव्या हाताचं बोट नकळत टेबलावर दाबून बसत होतं, कातडी ताणून धरल्यासारखं. खळीतल्या केसांना वेळ लागला, काळपट व्रणांना त्याहून जास्त. जबड्याखालचा पांढरा तिने शेवटी ठेवला. तो गेला तेव्हा पाच वाजून गेले होते. नऊ होते. खोडरबर पुन्हा येऊन मागे उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, म्हणजे काम चांगलं झालं होतं. मग त्यांनी खालच्या कडेवर बोट ठेवलं. "हे कापायचं राहिलंय. कुणाची बोटं आहेत ही?" "राहू देत ती," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि जागेवर जाऊन बसले.

मूळ फोटो तिने फोनमधून काढला, कॉम्प्युटरमधून काढला. कायमचा पुसायचा का, परत मिळणार नाही, असं मशीननं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने हो म्हटलं. आईचं एवढं एक काम तिच्या हातून झालं, अठरा दिवस उशिरा.

रविवारी माणसं आली. फोटो मोठा होता, बाबांना लांबून दिसेल एवढा. खोलीत शिरणारा प्रत्येक जण क्षणभर थबकायचा, कारण आईचा पुरा चेहरा बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिला होता. "किती गोड दिसते गं," मामी म्हणाली, "उगीच तोंड लपवायची." "दाढेनं छळलं तिला आयुष्यभर," मामा म्हणाला. मावशी चहाचा कप घेऊन फोटोच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ हनुवटीकडे बघत राहिली. तिने मान हलवली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बरं केलंस." म्हणजे मावशीलाही माहीत होतं. एकेक करून सगळ्यांना माहीत असेल, असं तिला वाटून गेलं. सगळे आपापल्या जागी बसून न बघण्याचं काम करत होते. मग मावशीची नजर खाली सरकली. तिचे डोळे एकदम भरून आले.

"आणि हे बघा," मावशी सगळ्यांकडे वळून म्हणाली, "हा हात कुणाचा, विचारा. लेकीचा आहे. शेवटपर्यंत कसा धरून ठेवलाय बघा आईचा हात. असं प्रेम हवं."

सगळे उठून जवळ आले. कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. ते फोटोकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही, खाली, आणि मग त्यांनी हळूच नजर काढून घेतली आणि चहाच्या कपात घातली. तिने फोटोकडे पाहिलं. इतक्या लांबूनही तिला दिसत होतं, तिच्या बोटांच्या वर आईच्या मनगटातली शीर दोरीसारखी ताठ झालेली होती, वरच्या बाजूला ओढ घेत.